ज्याच्या हातचा अग्नी, त्याची गादी : उत्तर ग्रीसची भटकंती

गुरुवार : थेसालोनिकी

भावोजींना अलेक्झांडरचं वेड आहे, मला त्याच्या घरातल्या भांडणांचं. तो कुठवर गेला हे सगळेच सांगतात; तो निघाला तेव्हा मागे घरात कोण कोण उरलं होतं आणि त्यांनी एकमेकांचं काय केलं, यात मला जास्त रस. ताईला दोन्हींत रस नाही, पण समुद्र आणि चांगलं खाणं मिळणार म्हटल्यावर ती तयार झाली. अथेन्स आणि सांतोरिनी आपले लोक करतातच. आम्ही ते सोडून थेट उत्तरेला गेलो.

जूनचा पहिला आठवडा. संध्याकाळी सातलाही ऊन चांगलंच होतं आणि अख्खं गाव समुद्रकाठच्या लांबलचक फरसबंद रस्त्यावर फिरायला उतरलेलं. घोड्यावरचा अलेक्झांडर तिथंच आहे, त्याच्या पायाशी पोरं स्केटिंग करत होती. पोटात आग पडली होती म्हणून बुगात्साच्या दुकानात शिरलो. पापुद्र्यापापुद्र्याच्या पिठात गरम खिरीसारखं सारण, वर पिठीसाखर आणि दालचिनी. दुकानदार रुंद पात्यानं खटाखट त्याचे चौकोन पाडतो, साखर सगळीकडे उडते. आम्ही अलेक्झांडरच्या मागावर आलोय कळल्यावर त्यानं हात थांबवले आणि गोष्ट सांगितली. अलेक्झांडरची बहीण जलपरी होऊन समुद्रात फिरते. जहाज दिसलं की विचारते, "राजा अलेक्झांडर जिवंत आहे का?" खलाशानं म्हणायचं, "आहे, आणि राज्य करतोय." मग समुद्र शांत. मेला म्हणालात तर बुडालात.

ही बहीण म्हणजे थेसालोनिके. तिच्याच नावानं हे शहर. अलेक्झांडरचा बाप, राजा दुसरा फिलिप, याची एका थेसालीतल्या बायकोपासून झालेली मुलगी, अलेक्झांडरची सावत्र बहीण. कॅसांडर नावाच्या सेनापतीपुत्रानं तिच्याशी लग्न केलं आणि इ.स.पू. ३१५ च्या सुमारास आसपासची वीस-पंचवीस गावं एकत्र करून बायकोच्या नावानं शहर वसवलं. वाचायला प्रेमकथा वाटते. कॅसांडरच्या अंगात राजरक्ताचा थेंब नव्हता. बायकोच्या अंगात होता. शहराला तिचं नाव देणं म्हणजे आपण कोणाच्या घरात जावई आहोत याची पाटी लावणं.

शाकाहारींसाठी एक कामाची गोष्ट. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास बरेच असतात, त्यामुळे 'निस्तीसिमो' असं विचारलं की मांस, अंडी, दूध नसलेले पदार्थ पुढे येतात. मात्र त्यात कोळंबी-कालवं चालतात, ते आधी सांगून टाका. टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे (यिगांतेस) आणि भात भरलेले टोमॅटो-मिरच्या (येमिस्ता) आम्ही रोज खाल्ले. दुसरी गोष्ट, इथं 'मॅसिडोनिया' म्हणजे उत्तर ग्रीसचा हा भाग. शेजारच्या देशाला २०१९ पासून उत्तर मॅसिडोनिया म्हणतात, आणि त्या नावावरून झालेला वाद अजून लोकांच्या जिव्हारी आहे. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढू नका. भावोजींनी काढला, अर्धा तास गेला.

शुक्रवार : पेला

गाडी भाड्यानं घेतली. उजव्या बाजूनं चालवायची सवय भावोजींना आहे, त्यामुळे मी आणि ताई निवांत. पेला शहरापासून चाळीसेक किलोमीटर, रस्ता सरळसोट, दोन्हीकडे शेतं. एकेकाळी इथपर्यंत पाणी होतं आणि राजधानीला बंदर होतं, हे सांगूनही पटत नाही. नद्यांच्या गाळानं समुद्र मागे सरत गेला.

राजधानी इथं आणली आर्केलाऊस राजानं, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस. मोठा रसिक माणूस. युरिपिडीससारखा नाटककार त्याच्या दरबारी आला आणि इथंच वारला. रस्ते बांधले, किल्ले बांधले, सैन्य सुधारलं. आणि गादीवर कसा आला? प्लेटोनं आपल्या 'गॉर्गियास' संवादात एका पात्राच्या तोंडी ते घातलंय. काकाला आणि चुलतभावाला जेवायला बोलावून भरपूर दारू पाजली, गाडीत घालून नेलं आणि मारून टाकलं. मग खरा वारस असलेला सात वर्षांचा सावत्र भाऊ विहिरीत ढकलला, आणि त्याच्या आईला सांगितलं, हंसामागं धावता धावता पडला. प्लेटोची मंडळी अथेन्सची, मॅसिडोनियाबद्दल फार प्रेमानं बोलणारी नव्हेत, तेव्हा थोडं तिखटमीठ असेल. पण पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये आर्केलाऊस स्वतः शिकारीत मारला गेला आणि पाच-सहा वर्षांत चार राजे होऊन गेले, हे पाहता तिखटमीठ लावायची फारशी गरज नसावी.

गोम अशी की, गादी कुणाची याचा इथं पक्का नियमच नव्हता. राजा आर्गिअड घराण्यातला हवा, एवढंच. थोरला, धाकटा, कुठल्या राणीचा, काहीच ठरलेलं नाही. सैन्यानं आणि सरदारांनी ज्याला उचलून धरलं तो राजा. त्यातच राजे अनेक बायका करत. फिलिपच्या सात. प्रत्येक लग्न एका शेजाऱ्याशी तह; पण प्रत्येक तहातून एक नवा दावेदार जन्माला येणार.

उत्खननाच्या जागेवर सावली म्हणून नाही. सकाळी आधी ती जागा करा आणि उन्हं चढली की वस्तुसंग्रहालयात शिरा. आम्ही तसंच केलं. घरांच्या जमिनींवर नदीतले गोटे बसवून केलेली चित्रं आहेत: सिंहाची शिकार, बिबट्यावर बसलेला मद्यदेव डायोनायसस. हरणाच्या शिकारीचं चित्र मूळ जागीच, त्यावर कारागिराची सही, ग्नोसिस. वाकून बघितलं की कळतं, शरीराच्या वळणाला सावली देण्यासाठी करड्या छटांचे गोटे निवडून बसवलेत.

मी मात्र सर्वात जास्त वेळ एका शिशाच्या पत्र्यापाशी घालवला. हाताएवढाही नाही, गुंडाळी करून एका थडग्यात पुरलेला सापडला. इ.स.पू. चौथ्या शतकातला. एका बाईनं त्यावर शाप कोरलाय: डायोनिसोफोनचं थेतिमाशी लग्न न होवो, दुसऱ्या कुठल्याच बाईशी न होवो, त्यानं माझ्याबरोबर म्हातारं व्हावं. मी हा पत्रा उकरून वाचेन तेव्हाच त्याचं लग्न होवो, म्हणजे कधीच नाही. ताई काचेला नाक लावून म्हणाली, "हिला वकील मिळाला नसेल." राजवाड्यातल्या सात जणींनी असे किती पत्रे पुरले असतील, असं माझ्या मनात आलं.

शनिवार : वेर्गिना

रात्री वेरियाला मुक्काम होता. घरमालकीण साठीची, इंग्रजी मोडकंतोडकं पण उत्साह दांडगा. सकाळी नाश्त्याला चीजची पोळी आणि चेरी ठेवल्यावर तिनं एका कागदी पुडीत आणखी काहीतरी आणून दिलं. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, मनुका, बदाम, वर साखर. कोलिवा. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आदल्या शनिवारी मेलेल्यांसाठी चर्चमध्ये हे नेतात, पाद्री नावं वाचतो, मग सगळ्यांना वाटतात. तिच्या वडिलांचं होतं. थोड्या वेळानं कळलं की गावात तिच्या वडिलांच्या नावानं आज दुसराही कोलिवा झाला, तिच्या भावाच्या घरून. पीचच्या बागेवरून दोघं बोलत नाहीत. "मी थोरली," ती म्हणाली, "वडिलांचं मी करणार. तो पण करतो. बाग पाहिजे ना!"

एवढी शिदोरी घेऊन आम्ही ऐगाईला, म्हणजे आजच्या वेर्गिनाला गेलो.

ऐगाई ही जुनी राजधानी. दरबार पेलाला हलला तरी राजांना दहन आणि दफन इथंच. एक जुनी भविष्यवाणी सांगत: जोवर राजे इथं पुरले जातील, तोवर हे घराणं टिकेल. मोठ्या टेकडीसारखा मातीचा ढिगारा दिसतो, त्याच्या पोटात संग्रहालय आहे. आत इतका काळोख की पहिली दोनचार मिनिटं काहीच दिसत नाही. जिन्यानं खाली उतरलं की एकदम समोर थडग्याचा दर्शनी भाग येतो, संगमरवरी दारं अजून बंद. मानोलिस आंद्रोनिकोस यांनी १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये हे उघडलं; दारातून नाही, छपराचा एक दगड काढून.

आत सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा सूर्य, आत जांभळ्या कापडात गुंडाळलेल्या दहन झालेल्या अस्थी. ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट: ३१३ पानं, ६८ फळं. पानं इतकी पातळ की जवळून कोणी भरभर चालत गेलं तर हलतील असं वाटतं. बाहेरच्या खोलीतल्या दुसऱ्या लहान पेटीत एका तरुण स्त्रीच्या अस्थी. चिलखत, हस्तिदंताची एवढीएवढीशी मुंडकी, आणि पायांवरची कवचं एक आखूड, एक लांब. फिलिप लंगडत असे.

मग हा फिलिपच? बहुतेक जण हो म्हणतात, संग्रहालयही तेच सांगतं. काही अभ्यासक म्हणतात की हा त्याचा मुलगा, फिलिप तिसरा, अरिदायॉस. भावोजी पहिल्या पक्षाचे. मीही बऱ्याच अंशी त्याच बाजूची, पण मला वादापेक्षा वादाचं कारण मोलाचं वाटतं. दोघांचेही अंत्यसंस्कार थाटात झाले आणि दोन्ही वेळा ते करणाऱ्याला त्यातून गादी सिद्ध करायची होती.

आपल्याकडे कसं, अग्नी कोणी द्यायचा यावरूनच पुढच्या वाटण्यांचा सूर लागतो. इथं तर राजांना खरोखरच चितेवर जाळत. या थडग्याच्या कमानीवर चितेचे अवशेष सापडलेत. तेव्हा हिशोब सरळ होता: आधीच्याला अग्नी देईल तो नंतरचा.

इ.स.पू. ३३६. फिलिपनं मुलीचं लग्न काढलं होतं, तिच्या सख्ख्या मामाशी. सगळ्या ग्रीसमधून पाहुणे. पहाटे नाट्यगृहात मिरवणूक निघाली, बारा देवांच्या मूर्ती आणि तेरावी फिलिपची. राजा मागून एकटा, पांढऱ्या कपड्यात, अंगरक्षक लांब ठेवून चालत आला. त्यातल्याच पॉसेनियस नावाच्या अंगरक्षकानं पुढे होऊन सुरा खुपसला. पळताना त्याचा पाय वेलीत अडकला आणि तिथंच त्याला मारलं. म्हणजे विचारपूस करायला कोणी उरलंच नाही.

आम्ही नाट्यगृहाशी गेलो तेव्हा दुपारचे बारा. दगडी आसनांची एकच ओळ. बाकीची बैठक लाकडी असावी. वर लगेच राजवाडा, डागडुजीनंतर २०२४ च्या जानेवारीत पुन्हा उघडलेला. खांबांमधून खाली पाहिलं की ते नाट्यगृह, पलीकडे पीचच्या बागा आणि सगळं मैदान. म्हणजे खून झाला तो राजाच्या घराच्या ओसरीतून दिसेल इतक्या जवळ.

अलेक्झांडर वीस वर्षांचा. आदल्याच वर्षी बापानं आणखी एक लग्न केलं होतं, क्लिओपात्रा नावाच्या खानदानी मॅसिडोनियन मुलीशी, आणि मेजवानीत तिच्या काकानं, अॅटॅलसनं, 'आता औरस वारस होवो' म्हणून प्याला उंचावला होता. अलेक्झांडरनं त्याला प्याला फेकून मारला. बाप तलवार उपसून पोरावर धावला आणि नशेत आडवा पडला. प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे पोरगा म्हणाला: हा बघा, युरोपातून आशियात जायला निघालाय, आणि एका आसनावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. आता या पोरानं बापाला थाटात अग्नी दिला आणि मग एकेक मोहरा काढला. चुलतभाऊ अमिंटास, जो लहानपणी स्वतः राजा व्हायचा होता, मारला. अॅटॅलस मारला. क्लिओपात्रा आणि तिची तान्ही मुलगी यांचं काम अलेक्झांडरच्या आईनं, ऑलिंपियासनं, उरकलं.

आणि तो स्वतः? इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला मेला. शव ऐगाईला आणायचं घाटत होतं, पण टॉलेमी या त्याच्या सेनापतीनं ते वाटेतूनच इजिप्तला पळवलं. का, ते वेर्गिनाला उभं राहिल्यावर समजतं. ज्याच्याकडे शव, त्याच्याकडे हक्क. भविष्यवाणी मोडली ती इथं.

शेजारचं थडगं लहान. चांदीच्या घागरीत तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाच्या अस्थी. बहुधा अलेक्झांडरचा मुलगा, अलेक्झांडर चौथा. तिथल्या रखवालदार बाई आम्ही बराच वेळ रेंगाळलो म्हणून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळ." आणि परत जागेवर जाऊन बसल्या.

सांगायच्या गोष्टी: टेकडीतलं संग्रहालय, संग्रहालयाची नवी इमारत आणि राजवाडा एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, पण दुपारच्या उन्हात ते अंतर दुप्पट होतं, पाणी आणि टोपी हवी. अर्ध्या दिवसात उरकू नका. संध्याकाळी वेरियात रवानी खा, रव्याचा पाकात मुरलेला केक. या गावाची खासियत. आम्ही खाताना असा पाऊस कोसळला की रस्त्याचा ओढा झाला, आणि वीस मिनिटांत लख्ख ऊन.

रविवार : पिडना आणि दिऑन

पिडनाला बघायला फार काही नाही, मी आधीच सांगते. शेतं, समुद्र, थोडं खोदकाम. पण मला जायचंच होतं.

अलेक्झांडरनंतर दोन राजे नावाला होते: सावत्र भाऊ अरिदायॉस, जो अधू बुद्धीचा होता, आणि अलेक्झांडरची बायको रोक्साना हिचा तान्हा मुलगा. अरिदायॉसच्या मागे त्याची बायको युरिडिकी, वय विशीच्या आत, स्वतः शस्त्रविद्या शिकलेली. बाळाच्या मागे आजी ऑलिंपियास. इ.स.पू. ३१७ मध्ये दोघी सैन्य घेऊन समोरासमोर आल्या. युरिडिकी शिपायाच्या वेषात, ऑलिंपियास डायोनायससच्या भक्तिणीसारखी ढोलाच्या तालावर. लढाई झालीच नाही. समोर अलेक्झांडरची आई दिसल्यावर युरिडिकीचे शिपाई तिकडे गेले. अरिदायॉसला मारलं. युरिडिकीला तलवार, फास आणि विष पाठवून 'निवड' म्हणून निरोप. तिनं स्वतःच्या कमरपट्ट्याचा फास लावून घेतला.

मग कॅसांडर आला. ऑलिंपियास नातू, सून आणि सावत्र मुलगी थेसालोनिके यांना घेऊन पिडनाच्या तटाआड शिरली. हिवाळाभर वेढा. हत्तींना लाकडाचा भुसा घातला, ते मेले, माणसं मेली. शेवटी शरण आली, आणि जिवाची हमी देऊनही कॅसांडरनं तिला, तिनंच मारलेल्यांच्या नातेवाइकांकडून मारवलं. प्राचीन इतिहासकार डायोडोरस म्हणतो, तिचं प्रेत न पुरता टाकून दिलं. त्याच कॅसांडरनं अरिदायॉस आणि युरिडिकीला मात्र ऐगाईला नेऊन राजेशाही इतमामानं पुरलं, खेळसुद्धा भरवले. एकाला अग्नी दिला, एकीला नाकारला. आणि थेसालोनिकेशी लग्न लावलं. वकिली कागद इतके स्पष्ट नसतात.

जवळच माक्रियालोसला काळ्या शिंपल्यांचा धंदा आहे. ताई आणि भावोजींनी शिंपल्यांचा भात मागवला, मी घेवडे. दुपारी दिऑनला गेलो. ऑलिंपसच्या पायथ्याशी झऱ्यांचं, झाडांचं गाव. राजे इथं झ्यूसला बळी देत. इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळात पाणी भरलंय, खांबांवर बेडूक बसून ओरडतात. कासवंही दिसली. मारामाऱ्या ऐकून कंटाळलेल्या ताईला हीच जागा सर्वांत आवडली. डास भयंकर आहेत, मलम न्या.

सोमवार : अम्फिपोलिस

पूर्वेला शंभरेक किलोमीटर. स्ट्रायमन नदीकाठी दगडी सिंह बसलाय, पाच मीटरहून उंच, तुकडे जोडून १९३७ मध्ये पुन्हा उभा केलेला. इथल्या किल्ल्यात कॅसांडरनं रोक्साना आणि मुलाला ठेवलं. राजपुत्रासारखं वागवायचं नाही असा हुकूम होता. पोरगा मोठा होऊ लागला, लोक विचारायला लागले, तेव्हा इ.स.पू. ३१० च्या सुमारास दोघांना गुपचूप मारलं. बाकीच्या सेनापतींना कळलं, कोणी कळल्याचं दाखवलं नाही. बॅबिलोन आणि इजिप्तमध्ये कागदपत्रांवर मेलेल्या पोराचीच राज्यवर्षं कितीतरी काळ घातली जात होती. राजा नाही म्हटलं की आपण कोणाचे सुभेदार, हा प्रश्न येणार ना!

जवळच कास्ता टेकडी. २०१२ पासूनच्या खोदकामात ४९७ मीटर घेराची संगमरवरी भिंत, दारावर स्फिंक्स, आत दोन स्त्रीमूर्ती आणि जमिनीवर पर्सेफोनी या देवीच्या, पाताळाच्या देवानं केलेल्या अपहरणाचं चित्र सापडलं. वेर्गिनाच्या एका थडग्याच्या भिंतीवरही हाच प्रसंग रंगवलाय. आम्ही गेलो तेव्हा आत सोडत नव्हते. निघण्याआधी चौकशी करून जा, आणि फक्त टेकडीसाठी इतकं लांब येऊ नका. संग्रहालय आणि प्राचीन लाकडी पुलाचे खांब धरले तर दिवस सत्कारणी लागतो.

गावातल्या कॉफीच्या दुकानात बसलो. फ्रापे मागवली आणि भावोजींनी न राहवून विचारलं, आत कोण असेल? चार म्हातारे पत्ते खेळत होते. एक म्हणाला, ऑलिंपियास. साठीच्या बाईची हाडं सापडलीत. दुसरा म्हणाला, छे, तिचं प्रेत फेकून दिलेलं, इतकं मोठं थडगं कोण बांधेल? रोक्साना. तिसऱ्याचा हेफेस्टियॉन, अलेक्झांडरचा जिवलग मित्र. पत्ते बाजूला राहिले आणि आवाज चढले. चौथा इतका वेळ गप्प होता. त्यानं पान टाकलं आणि म्हणाला, "कोणी का असेना, उघडा एकदाचं. बस यायला लागली की माझ्या पोरीचं हॉटेल चालेल."

ताईनं त्यालाच मत दिलं.